तक्त्यात रस्ते नव्हते

स्नेहलतागंज, इंदूर
१२ एप्रिल २०२५

चि. मधुरिमा,
सप्रेम जयभीम.

पत्र कशाला, असं वाटेल तुला. रविवारी फोन लावतो तेव्हा तू ‘हं’ म्हणतेस, मी ‘हं’ म्हणतो. मग तू विचारतेस गर्मी किती, मी सांगतो आणि ठेवतो. तितकंच बोलायचं तर कागद बरा. लिहून फोटो काढतो आणि पाठवतो. तूही तसंच कर, टाइप केलंस तरी चालेल.

अंकुरच्या अपघाताला आज सत्तर दिवस झाले. तू अस्थी घेऊन आलीस, सोळा दिवस राहिलीस, परत ब्राझीलला गेलीस, त्यालाही महिना होत आला. मी ठीक आहे. अंकुरची आई लीला, तीही ठीक आहे. सकाळी स्वयंपाक करते, चारला विहारात जाते, परत येते. तुझ्याबद्दल काही बोलत नाही. तसं ती कशाबद्दलच बोलत नाही.

काम असं आहे. तीन वर्षांपूर्वी तिकडच्या बियाणं कंपनीचं पत्र अंकुरला आलं, तेव्हा मी भारत आणि ब्राझील असा एक तुलनेचा तक्ता केला होता. तू पाहिला आहेस. परवा कपाटातून काढला. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण तक्त्यात चुका दिसतात. ब्राझीलची लोकसंख्या मी साडेएकवीस कोटी धरली होती. त्यांची जनगणना झाली त्यात वीस कोटी एकतीस लाख भरली. म्हणजे एक कोटीच्या वर माणसं मी उगाच मोजली. आपल्या बाजूचा आकडा तर २०११ नंतर मोजलेलाच नाही, सगळा अंदाज.

तर तो दुरुस्त करायचा आहे. तुमचं गाव समुद्रसपाटीपासून किती उंच, पाऊस कोणत्या महिन्यांत आणि साधारण किती, दर चौरस किलोमीटरला माणसं किती, एवढं कळव. घाई नाही.

तुझे
बाबा


सोरिसो, मातो ग्रोसो
२७ एप्रिल २०२५

बाबा,
जयभीम.

तुम्ही विचारलेलं लिहिते. उंची तीनशे पासष्ट मीटर. इंदूर साडेपाचशे आहे ना, म्हणजे आम्ही खाली. पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल, वर्षाला अंदाजे एकोणीसशे-दोन हजार मिलिमीटर, इंदूरच्या दुप्पट. आता थांबत आला आहे. पुढे सप्टेंबरपर्यंत एक थेंब नाही. थंडी नावाची गोष्ट नाही. बारा महिने दुपारी तेहतीसच्या आसपास. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मला महिना कोणता चालू आहे तेच कळायचं नाही. आताही कळत नाही.

सोयाबीन संपलं, त्याच शेतात मका उभा आहे. तिकडे जूनमध्ये पेरतात, इथे ऑक्टोबरमध्ये. सगळं उलटं.

आमच्या राज्यात चौरस किलोमीटरला चार माणसं. चार. गावात जास्त आहेत, पण गावाबाहेर पडलं की खरंच चारच वाटतात. मला ते बरं पडतं. इंदूरला ज्याने त्याने माझ्याकडे बघितलं. इथे मी कोणाची कोण हे कोणाला माहीत नाही.

लॅबचं काम तेच. मातीची पाकिटं येतात, चाळायची, तोलायची, नंबर लावायचा. दिवसाला दोनशे होतात. पोर्तुगीज फार लागत नाही.

गावाचं नाव लिहितात सोरिसो, म्हणतात सोहिझू. अर्थ हसू. तुमच्या तक्त्यात हे होतं का, आठवत नाही.

आईंना नमस्कार.

मधुरिमा


स्नेहलतागंज, इंदूर
२० मे २०२५

चि. मधुरिमा,
सप्रेम जयभीम.

तुझे आकडे मिळाले, भरले. नावाचा अर्थ नव्हता, तो शेऱ्यात घातला.

इथे एक्केचाळीस. कूलर चालू ठेवून बसतो. स्टेशनकडून गाड्यांच्या अनाउन्समेंट ऐकू येतात, त्यावरून किती वाजले ते कळतं. काल मोठी मावशी आली होती. म्हणाली, सुनेला तिकडे एकटीला कशाला ठेवलं. मी म्हटलं, मी कोणाला कुठे ठेवत नाही. लीला उठून आत गेली.

क्षेत्रफळाचा रकाना बरोबर होता. ब्राझील पंच्याऐंशी लाख पंधरा हजार, भारत बत्तीस लाख सत्त्याऐंशी हजार. जमीन अडीच पटीहून जास्त आणि माणसं आपल्या सातव्या हिश्श्याइतकी. मी मुलांना नेहमी सांगायचो, सोप्या भाषेत सांगायचं तर आपला देश म्हणजे भरलेली बस आणि त्यांचा म्हणजे रिकामी.

आता वाहतुकीचा रकाना. तो माझ्या जुन्या तक्त्यात नव्हताच. इकडे रेल्वे अडुसष्ट हजार किलोमीटर आहे, तिकडे एवढ्या मोठ्या देशात जेमतेम तीस हजार. म्हणजे माल सगळा ट्रकने जात असणार. तर तुमच्या गावावरून जो मोठा रस्ता जातो तो किती रुंद आहे? मधे दुभाजक आहे का? कडेला कच्ची जागा किती सोडतात? कापणीच्या दिवसांत तासाला किती ट्रक जातात, याचा काही अंदाज? पावसात त्यावर पाणी साचतं का?

जमेल तसं कळव.

तुझे
बाबा


सोरिसो
८ जून २०२५

बाबा,

सात मीटर. एक लेन जायची, एक यायची. दुभाजक नाही. कडेला लाल मातीची पट्टी, पावसात तिचा चिखल होतो. पाणी साचत नाही. ट्रक किती ते मी मोजलं नाही.

तुम्ही सरळ विचारू शकला असता.

मी सोळा दिवस तुमच्या घरी होते. त्या सोळा दिवसांत हे कसं झालं म्हणून मला कोणी विचारलं नाही. तुम्ही पेपर वाचत होता. आई मला एकच बोलल्या, शेवटच्या दिवशी, “आता परत कशाकडे जातेस?” मी बॅग उचलली. रिक्षात बसले आणि मागे बघितलं तर दार लावलेलं होतं.

म्हणून आता न विचारता लिहिते. एक फेब्रुवारी, शनिवार. सुट्टी होती, पण कापणी चालू होती आणि त्याची नव्या वाणाच्या ट्रायलची ओळ त्याला स्वतः बघायची होती. शेत गावापासून चाळीस किलोमीटर. पाऊस होता, फार नाही. पाच वाजून वीस मिनिटांनी तो घरी परत येत होता. समोरून सोयाबीन भरलेले ट्रक एकामागे एक. त्यातल्या एकाने पुढच्याला ओव्हरटेक करायला ट्रक बाहेर काढला. बस एवढंच. ट्रकवाला वाचला. त्याचं नाव मला माहीत आहे, मी ते कधी घेत नाही.

पोलिसांचा फोन आला तेव्हा मी दोरीवरचे कपडे आत घेत होते. पोर्तुगीज मला समोरासमोर कळतं, फोनवर कळत नाही. मी त्या बाईला तेच वाक्य तीनदा बोलायला लावलं. तिसऱ्यांदा ती हळूहळू, एकेक शब्द तोडून बोलली, लहान मुलाला सांगतात तसं.

आणि तुम्हाला रस्त्याची रुंदी हवी आहे. बाबा, तुमचा मुलगा गेलाय, नुसता रकाना रिकामा राहिलेला नाही. यापुढे मी आकडे पाठवणार नाही. राग नाही. राग यावा एवढंसुद्धा काही वाटत नाही.

मधुरिमा


स्नेहलतागंज, इंदूर
३१ ऑगस्ट २०२५

चि. मधुरिमा,
सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्राला पावणेतीन महिने उत्तर दिलं नाही. रोज कागद घेऊन बसायचो. तारीख लिहायचो. तुझं म्हणणं बरोबर आहे. मी तेव्हा पेपर वाचत नव्हतो, एवढंच सांगतो. समोर धरला होता.

परवा सांवेरला गेलो. तक्त्यात सोयाबीनचा रकाना रिकामा होता, निदान आपल्याकडची बाजू भरावी म्हणून बस पकडली. तिथे कचरूचं शेत आहे. अंकुर इथल्या सोयाबीन संशोधन संस्थेत होता तेव्हा त्याने पहिली ट्रायल त्याच्याच शेतात लावली होती. मी एकदा त्याच्याबरोबर जेवायला गेलो होतो, म्हणून वाट माहीत होती. पीक छान होतं, शेंगा भरायला लागल्या होत्या. कचरूने मला ओळखलं. खाट टाकली, चहा सांगितला. मग म्हणाला, “सरजी, भिया को बोलना, अबकी बार पीला मोझेक रोग नी आया. उनकी वाली लाइन साफ खड़ी है.”

त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार?

मग त्याने विचारलं, “भिया कब आ रिये हैं?”

मी म्हणालो, “दिवाली बाद.”

अगदी सहज म्हणालो मी. वर हेही म्हणालो की तिकडे फार काम असतं. चहा प्यायलो. त्याने दोन किलो भुट्टे पिशवीत घालून दिले. बसमध्ये मांडीवर पिशवी घेऊन बसलो आणि मला काहीच झालं नाही. रडू नाही, काही नाही. मी खोटं बोललो याचंसुद्धा काही वाटलं नाही. घरी येऊन लीलाला सांगितलं. ती म्हणाली, “भुट्टे तिकडे ठेवा.”

आता तक्त्याबद्दल. तुला वाटलं, मी दुःख सोडून भूगोल करतोय. तसं नाही.

२०२२ च्या जूनची दहा तारीख. अंकुर ते नोकरीचं पत्र घेऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, “बाबा, तुम्हीच ठरवा. जाऊ की नको?” आमचे आजोबा फौजेत होते. महूहून बर्म्याला गेले, तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं. माझ्या मुलाने मला विचारलं. मला मोठं वाटलं. मी पाच दिवस लावले. हवामान, जमीन, पाणी, लोकसंख्या, शेती, सगळे रकाने शाळेत करायचो तसे पट्टीने आखले. चौदा तारखेला खाली सही केली आणि लाल शाईने लिहिलं, निष्कर्ष: जावे. कारण तिथे माणसाला जागा आहे.

तुम्ही गेलात.

फेब्रुवारीत तो फोन आला, त्यानंतर चार दिवसांनी लीलाने कपाट उघडून तो तक्ता काढला. उभी राहून पूर्ण वाचला. मला म्हणाली, “यात रस्ते नाहीत.” परत ठेवला.

म्हणून रुंदी विचारली. मी तो रकाना सोडला होता.

तुझे
बाबा


सोरिसो
१४ सप्टेंबर २०२५

बाबा,
जयभीम.

तुमचं पत्र मी लॅबच्या मागे उभी राहून वाचलं. नंतर आत जाऊन पाकिटं तोलली. संध्याकाळी घरी येऊन अंकुरचा लॅपटॉप उघडला, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

सोबत एक फोटो पाठवते. अंकुरने कंपनीला पाठवलेली मेल आहे. तारीख बघा. नऊ जून २०२२. त्यात त्याने नोकरी मान्य असल्याचं कळवलं आहे. तुमच्यासमोर तो दहा तारखेला बसला. तुमची सही चौदाची.

तो तुम्हाला विचारायच्या आधी हो म्हणून आला होता. मला माहीत होतं. मी त्याला म्हटलं होतं, मग विचारतोस कशाला. तो म्हणाला, “रिटायर झाल्यापासून बाबांना कोणी काही विचारतच नाही. करू दे त्यांना तक्ता.” तुम्ही पाच दिवस टेबलावर बसलात ना, तेव्हा तो मला आत येऊन सांगायचा, आज पर्जन्यमान झालं, आज नद्या झाल्या. खूष होता.

तुमचा तक्ता चुकीचा असता किंवा त्यात ‘जाऊ नये’ असतं, तरी आम्ही आलो असतो.

हे वाचून तुम्हाला हलकं वाटलं तर बरं. मला नाही वाटणार, कारण उरलेलं मी लिहिलेलं नाही. आठ जूनपर्यंत त्याचं ‘नको’ होतं. त्याला इंदूर सोडायचं नव्हतं. त्याची शेतं, त्याचे कचरूभाई, रविवारचे पोहे. मला जायचं होतं. लग्नाला सहा महिने झाले होते आणि दोन खोल्यांत आपण चौघं. आई वाईट वागल्या असं नाही. पण मला दार लावून बसता यायचं नाही. मी त्याला म्हटलं, अशी संधी परत येणार नाही. तीन दिवस म्हणत राहिले. चौथ्या दिवशी त्याने मेल पाठवली.

आता माझ्याकडे चार खोल्या आहेत. सगळी दारं उघडी असतात.

एक विचारायचं आहे. लॅबचं कंत्राट डिसेंबरला संपतं. पुढे राहणार का, हे पंधरा ऑक्टोबरपर्यंत सांगायचं आहे. राहू की येऊ? मी कागदावर दोन बाजू लिहून पाहिल्या. दोन्हीकडे तेच येतं. तुम्ही सांगा. यावेळी मी खरंच ठरवलेलं नाही.

मधुरिमा


स्नेहलतागंज, इंदूर
२ ऑक्टोबर २०२५

चि. मधुरिमा,
सप्रेम जयभीम.

नऊ जून आणि चौदा जून. तारखा पुन्हा पुन्हा पाहिल्या. मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. पण त्या पाच दिवसांत तो येता-जाता माझ्या पेन्सिलींना टोक करून ठेवायचा, ते आठवलं. हे मी विसरलो होतो.

काल सांवेरला जाऊन कचरूला खरं सांगितलं. त्याने मोटरसायकल काढली आणि मला स्टँडपर्यंत सोडलं. बस येईपर्यंत शेजारी उभा राहिला.

राहावे की यावे, हे मी सांगणार नाही. मला माहीत नाही म्हणून. माहीत नसताना सांगायची सवय होती, ती आता नको.

तुझं पत्र लीलाने मागितलं, मी दिलं. तुला न विचारता दिलं, माफ कर. आज सकाळी ती माझा कागद आणि पेन घेऊन बसली. तिने लिहिलेलं सोबत पाठवतो. मी वाचलेलं नाही, फोटो तिनेच काढला.

तुझे
बाबा


मधू,

मी तुझ्या बाबांसारखी लिहिणारी नाही, पाचवीपर्यंत हिंदी शाळेत गेलेली. चुका होतील.

तू लिहिलं की तू जाऊ म्हणालीस म्हणून तो गेला. बाबा म्हणतात त्यांनी तक्ता केला म्हणून तो गेला. मी त्याला राहा म्हणाले होते. आठ दिवस म्हणाले, जेवण सोडलं एक दिवस. तो राहिला नाही. मग माझ्या म्हणण्याने काही झालं नाही तर तुझ्याच म्हणण्याने कसं झालं? तो लहानपणापासून कोणाच्या म्हणण्याने काही करत नव्हता. शाळा बदलली ती पण त्याने स्वतः, नाव कटवून आला मग सांगितलं. आठ महिने मी पण कोणाचं नाव धरून बसले होते. बाबांचं धरलं, तुझं धरलं. तू रिक्षात बसलीस तेव्हा मी दाराच्या आत उभी होते, कडी हातात होती. उघडली नाही. ते माझं चुकलं.

दोन खोल्यांचं लिहिलंस त्याचा राग नाही. मी पण सासूच्या घरात एका खोलीत आठ माणसांत दिवस काढले आहेत, मला पण वाटायचं कुठेतरी निघून जावं. गेले नाही कारण कुठे जायचं माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

राहायचं की यायचं, तुझं तू बघ. आलीस तर पुढची खोली तुझी, दार लावून बस, मी खडखड करणार नाही. नाही आलीस तर रविवारी फोन माझ्याकडे द्यायला सांग बाबांना, ते नुसते हं हं करतात.

त्या सोळा दिवसांत मी तुला काही विचारलं नाही. विचारायचं एकच होतं, पण हिंमत झाली नाही, तू नाही म्हणशील अशी भीती होती. आता विचारते. त्या दिवशी तो जेवला होता का?

आई


सोरिसो
११ ऑक्टोबर २०२५

आई,

लॅबला मी मार्चपर्यंत हो सांगितलं. ही कापणी होऊ दे. मार्चमध्ये येते. किती दिवसांसाठी, ते आल्यावर बोलू.

इथे काल ढग आले. पेरणी सुरू झाली आहे. त्याची ओळ दुसऱ्या कोणीतरी लावली, मला फोटो पाठवला.

हो आई, जेवला होता. सकाळी मी डबा दिला होता. चार पोळ्या, भेंडीची भाजी, तुम्ही पाठवलेलं लिंबाचं लोणचं. भेंडी इथे मिळते. पोलिसांनी गाडीतल्या वस्तू एका पिशवीत घालून दिल्या, त्यात डबा होता. बाजूने चेपला होता, झाकण निघत नव्हतं. मी चमच्याने उघडलं. आत काही नव्हतं. शेतावरच्या नळावर त्याने तो धुऊन ठेवला होता.

मधू